ट्युनिकामायसिन की थॅप्सिगार्गिन? माझं मत

पेशींतल्या ताणावर, म्हणजे प्रथिनांची घडी बिघडल्यावर पेशी काय करते यावर, काम करायला नवीन पीएचडीवाला आला, की थोड्याच दिवसांत इंडेंटचा (खरेदीच्या मागणीचा) कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहतो. "ताई, टीएम मागवू की टीजी?" म्हणजे हा ताण मुद्दाम आणायला ट्युनिकामायसिन घेऊ की थॅप्सिगार्गिन? दर वेळी तेच सांगायचा कंटाळा आला, म्हणून लिहून टाकते.

टीएम म्हणजे ट्युनिकामायसिन. स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून मिळणारं, १९७१ च्या सुमारास जपानमध्ये सापडलेलं. ईआरमध्ये (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतला प्रथिनांची घडी घालणारा कारखाना) नव्या प्रथिनांवर साखरेची साखळी चढते, तिची पहिलीच पायरी हे अडवतं. साखळी नसली की बऱ्याच प्रथिनांची घडी बिघडते, कच्चा माल साचतो आणि आयआरई१, पर्क व एटीएफ६ हे ताण ओळखणारे तिन्ही पहारेकरी (हीही प्रथिनंच) जागे होतात. पीटर वॉल्टर आणि काझुतोशी मोरी यांना २०१४ चा लास्कर पुरस्कार मिळाला तो याच यंत्रणेच्या शोधासाठी.

मला टीएम आवडतं ते त्याच्या संथपणामुळे. सकाळी ट्रीटमेंट दिली, की दोन-दोन तासांनी पेशी गोळा करत संध्याकाळपर्यंत चढता आलेख हाती येतो. ताण आला की नाही हे असं ओळखायचं: जागा झालेला आयआरई१ हा एक्सबीपी१ या जनुकाच्या आरएनएतून बरोबर २६ बेस (अक्षरं) कापतो. पीसीआरनंतर जेलवर एवढासा फरक पाहायचा तर अगारोज ३ टक्क्यांपर्यंत न्यायला हवं. नेहमीच्या १ टक्क्याच्या जेलवर दोन्ही पट्ट्या एकच वाटतील. वर तिसरी पट्टी दिसली तर घाबरू नका. कापलेला आणि न कापलेला धागा एकमेकांना चिकटून ती बनते. शंका राहिलीच तर पीसीआरचा माल पीएसटी-वन एन्झाइमने पचवा. त्याची जागा नेमकी त्या २६ बेसमध्ये आहे, त्यामुळे फक्त न कापलेला तुकडाच तुटतो.

थॅप्सिगार्गिनची गोष्ट वेगळी. भूमध्य समुद्राकाठच्या थॅप्सिया गार्गानिका या विषारी झाडातून येतं. कॅल्शियम ईआरमध्ये भरणारा सर्का पंप बंद पाडतं. टीएमपेक्षा खूप लवकर परिणाम दिसतो, पण पेशीतल्या कॅल्शियमचीच घडी विस्कटते. मग तुमचा सिग्नल प्रथिनांच्या ताणामुळे आला की कॅल्शियममुळे, हा प्रश्न परीक्षक विचारणारच. टीजी वाईट नाही, पण एकटं वापरू नका. तिसरा पर्याय डीटीटी, प्रथिनांमधले गंधकाचे बंध तोडणारं रसायन. ते सगळ्यांत स्वस्त, धुऊनही काढता येतं. मात्र ते ईआरपुरतं थांबत नाही.

टीएमच्या तक्रारीही आहेत. कुपीत एकच रेणू नसतो. स्निग्धाम्लाची शेपटी लहानमोठी असलेल्या भावंडांचं ते मिश्रण असतं आणि लॉट बदलला की प्रमाण बदलू शकतं. नवीन कुपी उघडली की आधी डोस ठरवून घ्या; जुन्या वहीतला आकडा डोळे मिटून उचलू नका. पाण्यात नीट विरघळत नाही, डीएमएसओ हा द्रावक लागतो, म्हणजे कंट्रोललाही (औषध न दिलेल्या पेशींनाही) तेवढंच डीएमएसओ. आमची मागची कुपी आली तेव्हा खोक्यातला ड्राय आइस कधीच उडून गेला होता. विक्रेत्याचं उत्तर, "मॅडम, चालतं." चाललंही, पण पैसे कोल्ड चेनचे घेतले होते ना?

आणि औषधाला दोष देण्याआधी कंट्रोलची प्लेट बघा. पेशी खचाखच भरल्यात, मीडिया (पेशींचं द्रवान्न) पिवळा पडलाय, ग्लुकोज संपलंय, तर औषध न घालताच जीआरपी७८ हे ताणाची खूण असलेलं प्रथिन वर चढतं. त्याचं नावच मुळी ग्लुकोजच्या टंचाईवरून पडलंय. शुक्रवारी प्लेट लावून सोमवारी ट्रीटमेंट देणाऱ्यांनी हे विशेष वाचावं.

माझ्याकडून टीएमला ५ पैकी ४ तारे. अर्धा तारा लॉटच्या लहरीसाठी कापला, अर्धा किमतीसाठी. मोठी कुपी दर मिलिग्रॅमला स्वस्त पडते खरी, पण १ मिलिग्रॅमचीच घ्या. प्लेटमधल्या दोन मिलिलिटरच्या वेलला (खळग्याला), मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅम धरलं तरी अडीचशे वेल होतात. आल्या आल्या स्टॉक करून लहान ट्यूबमध्ये वाटा, उणे २० ला ठेवा, हातमोजे घालूनच हाताळा. ट्यूबवर लॉट नंबर लिहा. नुसतं 'टीएम' लिहिलेल्या ट्यूब मी सरळ फेकून देते.