शॅमेलिऑन खात नाही तेव्हा: धुऱ्यावरचा नाकतोडा, तुतीची अळी की सिरिंज?

आमच्या घरचा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, दिवाळीच्या आठवडाभर आधी खायचा बंद झाला. येमेनी जातीचा नर, डोक्यावर उंच तुरा, वजन १४२ ग्रॅम. भाचा परदेशी नोकरीला गेला तेव्हा नोंदणीच्या कागदांसह त्याला माझ्याकडे ठेवून गेला, आणि वर्षभरात तो घरचाच झाला. एरवी रातकिडा दिसला की जीभ सुटलीच म्हणून समजा. त्या दिवशी रातकिडा त्याच्या नाकासमोरून फांदी चढून गेला आणि त्याने नुसता एक डोळा फिरवला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहून वो, खाऊन नाही राहिला का? पोराले सांगून वावरातले चार नाकतोडे आणून देऊ का?"

काकूंनी मायेनेच विचारलं होतं. पण वर्धा जिल्ह्यातल्या सेलूकडच्या आमच्या गावात चहूकडे पऱ्हाटी, म्हणजे कापूस आहे, आणि पऱ्हाटीच्या गावात आजारी प्राण्याला काय खाऊ घालायचं हे पुण्या-मुंबईच्या सल्ल्यावरून ठरवता येत नाही. पुढच्या पंधरा दिवसांत मी जे जे करून पाहिलं आणि डॉक्टरांकडून जे शिकले, ते इथे समोरासमोर ठेवते. तुमच्याही घरी असा प्राणी रुसून बसला असेल तर निवड करायला सोपं जाईल.

आधी दिवस मोजा. मोठा, अंगाने भरलेला शॅमेलिऑन तसाही एक दिवसाआड खातो. पाणी पीत असेल तर तीन-चार दिवस न खाणं हे संकट नव्हे. कात टाकताना तर बरेच जण तोंड फिरवतात. पिल्लू मात्र दोन दिवस उपाशी राहिलं तर थांबू नका. मादी असेल तर पहिला संशय अंड्यांचा घ्या. येमेनी मादी नराशिवायही अंडी धरते आणि घालायच्या आधी खाणं सोडते. तिला अळ्या नकोत, ओल्या रेतीने भरलेली खोल बादली हवी, खणायला. जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि मादी दगावते.

दुसरं, तो बघतो का ते पाहा. किड्याकडे टक लावून बघतो, पण जीभ निघत नाही किंवा अर्ध्यावर लोंबते, तर भूक आहे, बहुधा अंगात कॅल्शियम कमी आहे. बघतच नाही, दिवसा डोळे मिटून बसतो, तर दुखणं आत कुठे तरी आहे. या दोन्हींसाठी एकच खाणं चालत नाही.

आणि तिसरं, ऊब. माझी चूक इथेच होती. ऑक्टोबरच्या शेवटी आमच्याकडे पहाटे गारवा सुरू होतो, रात्री लाईन जाते, बल्ब विझतो, आणि मी सकाळी सातला थंडगार पडलेल्या जनावरासमोर किडे सोडत होते. सरपटणाऱ्या प्राण्याच्या पोटातली चूल बाहेरच्या उबेवर पेटते. अंग गार असेल तर गिळलेला किडा पोटात पचत नाही, सडतो. बसायच्या फांदीवर ३० ते ३३ अंश आणि खालच्या सावलीत २४-२५ अंश मिळू द्या, तास-दीड तास शेकू द्या, मग खाणं दाखवा. सकाळचं कोवळं ऊन जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, वीस मिनिटं दिलं तर दिव्यापेक्षा बरं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. हाडांना लागणारे अतिनील किरण काच अडवते. मे महिन्यात सगळं उलटं. बाहेर ४५ अंश असताना त्याला ऊन दाखवणं म्हणजे मारणं. तेव्हा वाळ्याच्या ताटीच्या कूलरची खोली, पण वाऱ्याचा थेट झोत नको.

पाणी वाटीत ठेवलं तर त्याला ते दिसतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब तो चाटतो. मी सलाईनच्या जुन्या, धुतलेल्या बाटलीतून जास्वंदीच्या कुंडीवर थेंब थेंब सोडत असे, दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. विष्ठेबरोबरचा पांढरा भाग पिवळा किंवा केशरी दिसला, डोळे खोल गेले, तर तो तहानलेला आहे. तहानलेल्याला आधी पाणी, दोन दिवस नुसतं पाणी. येमेनी जात पालाही थोडा खाते. माझ्या रुसलेल्या गड्याने पहिल्यांदा तोंड उघडलं ते किड्याला नव्हे, जास्वंदीच्या फुलाला.

आता खाणं.

धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा नाकतोडा फुकटात मिळतो, उडी मारतो, हिरवा असतो, आणि मरगळलेल्या शॅमेलिऑनचं लक्ष त्याच्याकडे हमखास जातं. भूक चाळवायला त्याच्याइतका चांगला किडा नाही हे मी मान्य करते. तरीही मी नाही दिला. पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीनवर जुलैपासून फवारण्या चालतात, आणि आंतरप्रवाही औषध तर पानाच्या रसात उतरलेलं असतं. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसाला मारणारं औषध ज्या धुऱ्यावर उडालं, तिथला नाकतोडा १४२ ग्रॅमच्या आजारी जिवाला मी कसा घालू? आपलं वावर फवारलेलं नसलं तरी नाकतोडा बांध ओळखत नाही. शिवाय रानातल्या किड्यांतून पोटात जंत येतात, आणि न खाण्याचं कारण आधीच जंत असेल तर आपण आगीत तेल ओततो. रुईच्या झाडावरचा निळा-पिवळा रंगीत नाकतोडा विषारी असतो, तो कधीच नाही. पावसाच्या तोंडावर दिसणारे काजवेही नाहीत. एक काजवासुद्धा सरड्याच्या जातीला मारू शकतो.

ज्यांच्याकडे खरोखर पडीक गायरान आहे आणि पिकं लांब आहेत, त्यांनी धडधाकट प्राण्याला अधूनमधून नाकतोडा द्यायला माझी हरकत नाही. आजाऱ्याला नको.

पार्सलने मागवलेले रातकिडे हे नेहमीचं खाणं. स्वच्छ असतात, गाजर-भोपळा खाऊ घालून पुष्ट करता येतात, वर कॅल्शियमची पूड लावता येते. अडचण दोन. एक, उन्हाळ्यात खोकं गावात पोचेपर्यंत अर्धे मेलेले असतात. दुसरी, ज्याला वीट आलाय त्याला तेच खाणं पुन्हा दाखवून उपयोग होत नाही. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात राहू देऊ नका, ते अशक्त शॅमेलिऑनलाच कुरतडतात.

तुतीची रेशीम अळी हा पर्याय मला सर्वांत उशिरा सुचला आणि तोच लागू पडला. वर्धा, यवतमाळ, अमरावती भागात तुती लावलेले शेतकरी आहेत, आणि राज्याचं रेशीम संचालनालय नागपुरातच आहे, त्यामुळे जवळचा रेशीम उत्पादक कोण हे विचारून कळतं. अळी मऊ असते, बहुतांश पाणीच, पाठीवर कडक कवच नाही, त्यामुळे सुकलेल्या आणि थकलेल्या पोटाला झेपते. फांदीवर संथ चालते, म्हणजे ज्याची जीभ नीट सुटत नाही त्यालाही पकडता येते. पण मला सर्वांत पटलेली गोष्ट वेगळी आहे. रेशीम अळी कीटकनाशकाला इतकी नाजूक असते की शेजारच्या वावरातला फवारा तुतीवर उडाला तरी अख्खी बॅच मरते. म्हणून शेतकरी पाला डोळ्यांत तेल घालून जपतो. अळी जिवंत आणि खाती आहे, हाच पाला बिनविषारी असल्याचा पुरावा. आपल्या कापसाच्या मुलखात असा पुरावा दुसऱ्या कुठल्या किड्याकडे नाही.

मागताना दोन गोष्टी सांगा. कात टाकून झाल्यावर अळ्यांवर निर्जंतुक पावडर भुरभुरतात, ती पडलेल्या अळ्या नकोत. आणि कोषाला आलेल्या जाडजूड अळ्या नकोत, दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेतल्या हव्यात. मापाचा नियम सोपा आहे: किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. ताजा तुतीचा पाला दिला की घरी आठवडाभर टिकतात, पण वाढतात भराभर. कॅल्शियमची पूड यांनाही लावावी लागते. बॅच नसेल त्या दिवसांत अळी मिळत नाही, हा या पर्यायाचा खरा तोटा.

मधमाशीच्या जुन्या पोळ्यात होणारी मेणअळी नुसती चरबी आहे. वजन फार उतरलं असेल तर एखाद-दुसरी, नाही तर त्याला तिचीच चटक लागते. घरातली झुरळं आणि गोठ्यातल्या माश्या देऊ नका, दोघींच्या अंगावर आपण काय काय मारलेलं असतं ते आठवा.

राहिली सिरिंज. एका दुकानदाराने मला फोनवर सांगितलं, "जबडा उघडा आणि अंडं-दूध सोडा, दोन दिवसांत उभा राहील." मी ते केलं नाही, याचं आजही समाधान वाटतं. दूध त्याला पचत नाही. श्वासनळीचं तोंड जिभेजवळ इतकं पुढे असतं की चुकीच्या हाताने सोडलेला थेंब फुप्फुसात जातो. कॅल्शियम कमी असलेल्याचा जबडा उघडताना मोडू शकतो. आणि हाताळणीचा ताणच अनेकदा आजारापेक्षा मोठा ठरतो. मांसाहारी प्राण्यांसाठीची तयार पूड पाण्यात पातळ करून सिरिंजने देतात हे खरं, आणि काही जनावरं त्यावरच वाचतात. पण ते सुरुवातीला डॉक्टरांच्या हातून, वजनावर मोजून, १०० ग्रॅमला पहिल्या दिवशी अर्धा ते एक मिली एवढंच. खूप दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट दिलं तर तेच जिवावर बेततं. ओठाच्या कडेला लावलेला थेंब तो स्वतः चाटत असेल तर तेवढं घरी करा. तोंड बळजबरीने उघडू नका.

तर माझी निवड अशी: पाणी आणि ऊब दोन दिवस, मग तुतीची अळी, ती नसेल तर लहान रातकिडा, नाकतोडा नाही, सिरिंज फक्त डॉक्टरांना दाखवून घेतल्यावर.

वाट किती पाहायची, याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मिळतं. रोज सकाळी, खाण्याआधी, वजन वहीत लिहा. माझा १४२ वरून १२९ वर आला. दहा टक्क्यांजवळ उतरलं की घरचे प्रयोग बंद करून निघायचं. तोंडात पिवळट चिकट पदार्थ, श्वासाला आवाज, फांदी धरता न येणं, दिवसा मिटलेले डोळे, यातलं काहीही दिसलं तर वजनाचीही वाट पाहू नका. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर गाई-बकऱ्यांचे, पण विष्ठेतले जंत सूक्ष्मदर्शकाखाली तेही पाहू शकतात, विचारून बघा. पुढच्या उपचाराला नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पश्चिम विदर्भातल्यांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ. माझ्याकडच्याला जंतच निघाले. औषधाच्या चौथ्या दिवशी त्याने पहिली तुतीची अळी उचलली, आणि काकूंना मी भिंतीवरूनच हाक मारली.

हे सगळं नोंदणी असलेल्या परदेशी जातीबद्दल. आपल्या रानातला शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला घरी ठेवणं गुन्हा आहे. वावरात जखमी सापडला तर काही खाऊ घालू नका. हवेशीर खोक्यात एक फांदी घालून सावलीत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

पाळलेल्याला नागपूर-अकोल्याला नेताना कापडाने झाकलेलं खोकं, आत घट्ट बसवलेली फांदी, डबीत ताजी विष्ठा, वजनाची वही आणि नोंदणीचा कागद बरोबर घ्या. उन्हाळा असेल तर पहाटेची पहिली एसटी पकडा, थंडी असेल तर नऊनंतर निघा.