स्टिरिओला मागून आधार: पत्र्याची पट्टी की लाकडी ठोकळा?

गाडीत नवा स्टिरिओ बसवताना पुढची चौकट आणि तिचे वाकवलेले कान (डॅशबोर्डला पकडणारे पत्र्याचे तुकडे) एवढ्यावरच बरेच जण थांबतात. पण १८० बाय ५० मिलिमीटरचा सिंगल डिन (गाडीतल्या स्टिरिओचं एक ठरलेलं माप) स्टिरिओ मागून लोंबकळत राहिला, तर खड्ड्यागणिक खडखडतो, आणि त्यात सीडी असेल तर गाणं अडखळतं. मागून आधार हवाच.

घरच्या घरी दोन उपाय होतात. एक, भोकं असलेली पत्र्याची पट्टी. बऱ्याच स्टिरिओंच्या पाठीवर बोल्टची जागा असते. तिथे पट्टी कसायची, हवी तशी वाकवायची आणि दुसरं टोक डॅशबोर्डमागच्या लोखंडी पट्टीला स्क्रूने पकडायचं. स्टिरिओ वर-खाली, पुढे-मागे कुठेच हलत नाही. मात्र पट्टीच्या कडा धारदार असतात. वायरीवर घासल्या तर आवरण सोलून शॉर्टसर्किट होईल, म्हणून कडा कानशीने घासा आणि वर इन्सुलेशन टेप गुंडाळा. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढाच, यात आळस नको.

दुसरा, स्टिरिओखाली बसेल असा लाकडी ठोकळा, वर रबराचा तुकडा. बनवायला सोपा, विजेचा धोकाही नाही. पण तो फक्त वजन पेलतो, मागे ओढून धरत नाही. नीट चिकटवला नाही तर सरकतोही. पाठीवरच्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) तो टेकू देऊ नका, तिथे हवा खेळायला हवी.

बोल्टची जागा असेल तर मी पट्टीच निवडेन.