हातातला माती-स्कॅनर: पश्चिम केनियात दोन हंगाम वापरून झाल्यावर

बुंगोमा-काकामेगा पट्ट्यातल्या मक्याच्या शेतांत सेंद्रिय कर्ब मोजायचं काम माझ्याकडे आहे. शेतकरी नांगरणी कमी करतायत, मक्यात डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक घेतायत, धांडे जाळण्याऐवजी आच्छादनाला वापरतायत, आणि या सगळ्याने जमिनीत किती कर्ब साठला हे सांगायचं. त्यासाठी मिळालेला हा स्कॅनर मार्चच्या लांब पावसापासून वर्षअखेरच्या छोट्या पावसापर्यंत वापरला. मॉडेलचं नाव देत नाही, कारण खाली लिहिलेलं बरंचसं या जातीच्या यंत्रांना सरसकट लागू आहे.

जाहिरात अशी की मातीला टेकवा, बटण दाबा, फोनवर टक्केवारी बघा. टक्केवारी येते, यात खोटं काही नाही. यंत्र मातीवर जवळ-अवरक्त प्रकाश टाकतं आणि परतलेल्या प्रकाशावरून अंदाज बांधतं. अडचण ओलीची. पाणी 1400 आणि 1900 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जबरदस्त शोषतं, त्यामुळे पावसानंतरचा आकडा आणि दोन उन्हं खाल्ल्यानंतरचा आकडा, जागा तीच असून, जुळत नाहीत. मी शेतात थेट मोजणं बंद केलं. माती आणायची, सावलीत वाळवायची, 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची, मग स्कॅन. ‘बांधावर निकाल’ हा भाग तिथेच निकालात निघाला. तरीही प्रत्येक नमुना प्रयोगशाळेत धाडण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडतं.

अॅपमधलं तयार कॅलिब्रेशन, म्हणजे प्रकाशावरून कर्बाचा आकडा काढायचं गणित, जसंच्या तसं वापरू नका. नैरोबीतल्या जागतिक कृषिवानिकी केंद्राने आफ्रिकाभरची माती अशाच प्रकाशाच्या पद्धतीने मोजली, पण तिथेही काही नमुने नेहमीच्या पद्धतीने तपासून त्यांच्यावर बाकीचा अंदाज बसवतात. आम्हीही दर खेपेतले थोडे नमुने प्रयोगशाळेत कोरड्या ज्वलनासाठी (माती जाळून निघालेल्या वायूवरून कर्ब मोजायची पद्धत) पाठवतो. स्थानिक नमुने घातल्यावर लाल जमिनीचे आकडे ताळ्यावर आले. काळ्या जमिनीत चुनखडी असेल तर कोरडं ज्वलन तिच्यातला कर्बही मोजतं, आधी आम्लाने तो काढावा लागतो. आपल्याकडे माती परीक्षणात वॉकली-ब्लॅक पद्धत चालते, तिच्यात चुनखडी धरली जात नाही. त्यामुळे मराठवाड्यातून आलेल्या माणसाच्या हे चटकन ध्यानात येत नाही.

आता मुख्य गोष्ट. टक्केवारी म्हणजे साठा नव्हे. साठ्यासाठी खोली, खडे आणि स्थूल घनता (ठरावीक आकारमानात मावणाऱ्या कोरड्या मातीचं वजन) लागते, आणि घनता हा स्कॅनर मोजत नाही. अॅप ती नकाशावरून उचलतं आणि हेक्टरी टनांचा आकडा मोठ्या आत्मविश्वासाने दाखवतं. नांगरणी थांबली की पहिली काही वर्षं जमीन दबते. मग त्याच 30 सेंटिमीटरमध्ये जास्त माती मावते आणि कर्ब कणभर न वाढता साठा ‘वाढतो’. भरपूर शेणखत घातलेल्या शेतात उलटं होतं, माती भुसभुशीत होऊन खरी वाढ लपते. उपाय ठाऊक आहे: ठरावीक खोलीऐवजी ठरावीक वजनाच्या मातीवर हिशोब करायचा. पण त्यासाठी स्टीलचं कडं ठोकून, माती 105 अंशांवर वाळवून, वजन करावंच लागतं. संबंध किटमधली सगळ्यात कामाची वस्तू मला हे कडं आणि हातोडी वाटते.

शिवाय आकड्यांचं प्रमाण बघा. 30 सेंटिमीटर खोली, घनता घन सेंटिमीटरला 1.2 ग्रॅम, कर्ब दीड टक्का धरला तर हेक्टरी 3600 टन माती आणि तिच्यात 54 टन कर्ब. वर्षाला 0.3 टन वाढ चांगलीच म्हणायची. ती टक्केवारीत 0.01 सुद्धा भरत नाही. एकाच नमुन्याचे लागोपाठचे दोन स्कॅन याहून जास्त फरक दाखवतात. म्हणून ‘दर हंगामाला प्रगती पाहा’ हा अॅपमधला आलेख मी कुणाला दाखवत नाही. साठलेल्या कर्बावर कर्ब क्रेडिटं, म्हणजे विकता येणारी प्रमाणपत्रं, मिळू शकतात. एकदा एका शेतकरी ताईंनी आकडा बघून लगेच विचारलं, पैसे कधी येणार? हातात उत्तर नसताना आकडा दाखवण्यात अर्थ नाही.

वाढ होतेच असंही नाही. याच भागात 2003 पासून चालवलेल्या प्रयोगांवरचा 2018 चा अभ्यास सांगतो की संवर्धन शेतीने (कमी नांगरणी, आच्छादन, पिकांची फेरपालट) कर्बाची घट मंदावली, पण साठा वाढला नाही. याच पश्चिम केनियातल्या शेती-कर्ब प्रकल्पाला 2014 मध्ये क्रेडिटं मिळाली, ती माती मोजून नव्हे, तर शेतकऱ्यांच्या कामाच्या नोंदी रॉथसी (RothC) या मातीतल्या कर्बाच्या संगणकीय मॉडेलमध्ये घालून काढलेल्या हिशोबावर. ते वाचलं तेव्हा मला पळवाट वाटली होती. आता तितकीशी वाटत नाही, फक्त मॉडेलला अधूनमधून खऱ्या मातीचा आधार हवा.

मग स्कॅनर कशाला घ्यायचा? नमुने कुठून घ्यायचे हे ठरवायला. इथे घराजवळच्या तुकड्यात शेण, राख, उष्टं-खरकटं पडतं आणि लांबचा तुकडा उपाशी राहतो, त्यामुळे अर्ध्या हेक्टरच्या शेतातही दुप्पट फरक सापडतो. जुन्या वारुळाची जागा वेगळीच. गिरमिटाने सुरुवातीलाच पुष्कळ ठिकाणची माती काढून स्कॅन केली की शेताचे गट पाडता येतात, आणि महागडी तपासणी नेमक्या जागी खर्च होते. या कामात यंत्राला तोड नाही.

बॅटरी दिवसभर पुरते. ब्लूटूथ मधूनच तुटतं. काच प्रत्येक नमुन्यानंतर पुसावी लागते, चिकण मातीत तर फारच. अॅप नेटवर्कशिवाय स्कॅन साठवतं पण आकडा देत नाही, म्हणून नमुन्याच्या पिशवीवर क्रमांक पेन्सिलने लिहाच.

कर्ब क्रेडिटचा दावा करायला घेणार असाल तर दोन तारे. पहिल्या मोजणीचा आराखडा बसवायला घेणार असाल तर चार. ऑर्डर देताना स्टीलची कडी जास्तीची मागवा, मुरमाड जमिनीत त्यांच्या कडा लवकर वाकतात.