पिट्युटरीनंतरचं स्टिरॉइड: हायड्रोकॉर्टिसोन तीनदा की प्रेडनिसोलोन एकदा?

पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली, इतर ग्रंथींना हुकूम देणारी छोटी ग्रंथी. कुणाच्या पिट्युटरीच्या गाठीचं नाकातून ऑपरेशन झालेलं असतं. कुणाची ग्रंथी बाळंतपणातल्या अतिरक्तस्रावाने सुकलेली असते, तर कुणी घोणस चावून वाचलेला असतो आणि पुढे गळून जायला लागलेला असतो. रस्ते वेगळे, पण यातल्या बऱ्याच जणांना कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, आयुष्यभर गोळीतून घ्यावं लागतं. मग डॉक्टर म्हणतात, "हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन, दोन्ही गोळ्या चालतील, तुम्हाला कुठली सोयीची?" आणि पेशंट गोंधळतो.

आधी एक सांगते. इंटरनेटवरची बरीच माहिती ॲडिसनच्या रुग्णांसाठी असते. त्यांची कॉर्टिसॉल बनवणारी, मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथीच निकामी झालेली असते, म्हणून त्यांना मीठ सांभाळणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळीही लागते. आपल्याकडे बिघाड वरच्या मजल्यावर, ॲड्रिनलला हुकूम देणाऱ्या पिट्युटरीत आहे. शरीरातलं मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉन पिट्युटरीच्या हुकमावर फारसं चालत नाही, त्यामुळे ती दुसरी गोळी बहुधा लागत नाही. त्यांचे डोस बघून आपले ठरवू नयेत.

दिवस कसा जातो, त्यावर बरंच ठरतं

हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे शरीर बनवतं तेच कॉर्टिसॉल. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दीड तासात निम्मं होतं, म्हणून दिवसाचे १५ ते २० मिलिग्रॅम दोन-तीन वेळा विभागून घेतात. उदाहरणार्थ उठल्याउठल्या १०, जेवणाच्या सुमारास ५ आणि चार-पाच वाजता अडीच किंवा ५. शेवटचा डोस उशिरा घेतला तर झोप उडते. निसर्गाच्या चढ-उताराची नक्कल जमते आणि डोस थोडा-थोडा कमी-जास्त करता येतो, हा याचा मोठा गुण. अडचण दुपारच्या गोळीची. शिक्षिका तासावर असते, कंडक्टर गाडीत, शेतकरी रानात. तो डोस राहतो, आणि चार वाजता डोकं जड, मळमळ, चिडचिड.

प्रेडनिसोलोनचा असर जास्त तास टिकतो. ३ ते ५ मिलिग्रॅम सकाळी एकदा घेतलं की बहुतेकांचा दिवस निभतो. कुणाला संध्याकाळी गळाल्यासारखं वाटलं, तर डॉक्टर थोडा भाग दुपारी घ्यायला सांगतात. तक्त्यात २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनला ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन असं समीकरण दिसतं. ते मुख्यतः सूज कमी करण्याच्या ताकदीवरून आलेलं आहे. रोजची भरपाई करायची तर अनेकांना ५ पेक्षा कमी पुरतं, असं काही तज्ज्ञ मांडतात. म्हणून ५ ची गोळी वर्षानुवर्षं तशीच चालू असेल तर कधीतरी डॉक्टरांना विचारा: "कमी करून बघायचं का?"

मेडिकलमध्ये काय मिळतं

हा मुद्दा पुस्तकात सापडत नाही, पण निर्णय अनेकदा इथेच होतो. प्रेडनिसोलोन तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतं आणि स्वस्तही असतं. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मिळतं, पण गोळी पुष्कळदा शहरातून मागवावी लागते. दर महिन्याला पुरवठ्याची धाकधूक असेल, तर "नैसर्गिक" गोळीचा फायदा कागदावरच राहतो.

आणि "हे नाही, ते घ्या, सारखंच आहे" असं म्हणत हातात दिलेली पर्यायी गोळी घेऊ नका. मिथिलप्रेडनिसोलोन ४, डिफ्लाझाकॉर्ट ६ आणि प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम साधारण एका ताकदीचे मानतात, म्हणजे आकडे अदलाबदल करण्यासारखे नाहीत. डेक्सामेथासोन तर रोजच्या भरपाईसाठी नकोच. ते फार तीव्र आणि फार वेळ टिकणारं आहे.

कुणी कुठे झुकावं

वाढत्या वयाच्या मुलांना हायड्रोकॉर्टिसोनच, कारण प्रेडनिसोलोनने उंची खुंटण्याची भीती जास्त. गरोदरपणातही सहसा तेच पसंत करतात. मधुमेह किंवा ठिसूळ हाडं असतील तरी मी तिकडेच झुकेन. प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत वाईट कोलेस्टेरॉल जास्त असल्याच्या नोंदी आहेत, पण सगळ्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. बाकी धडधाकट प्रौढ, अनियमित कामाच्या वेळा, गाव लांब, दुपारचा डोस विसरण्याची सवय: मला विचाराल तर प्रेडनिसोलोन.

रक्ततपासणीने हा वाद सुटत नाही. गोळी चालू असताना कॉर्टिसॉलचा एकटा आकडा डोस ठरवायला उपयोगी नाही, त्यात प्रेडनिसोलोन काही चाचण्यांत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जातं. वजन, उभं राहिल्यावरचा रक्तदाब, साखर, झोप, सकाळची मळमळ, चेहऱ्यावरची सूज हे बघायचं.

थायरॉक्सिनही (थायरॉइडची गोळी) घेत असाल तर दोन गोष्टी कुठल्याही गोळीला लागू. स्टिरॉइड आधी सुरू व्हायला हवं, थायरॉक्सिन नंतर. उलट केलं तर असलेलं कॉर्टिसॉल भराभर संपून प्राणावर बेतू शकतं. आणि थायरॉक्सिनचा डोस फ्री टी-४ वर, म्हणजे रक्तातल्या थायरॉइड संप्रेरकाच्या आकड्यावर ठरतो. टीएसएच हा पिट्युटरीचा थायरॉइडला जाणारा हुकूम; पिट्युटरीच बिघडल्यावर तो आकडा भरवशाचा नसतो आणि गोळी चालू असताना बहुधा कमीच दिसतो, ते पाहून गोळी कमी करायला सांगितलं तर आधी एन्डोक्रायनॉलॉजिस्टना (ग्रंथींच्या तज्ज्ञांना) विचारा. टीबीसाठी रिफाम्पिसिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन सुरू झालं तर दोन्ही स्टिरॉइडं लवकर संपतात, डोस वाढवावा लागतो.

तापात आणि उलटीत

ताप आला की हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट-तिप्पट करतात. प्रेडनिसोलोनवाल्यांना बहुधा ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सांगतात. तुमचा नेमका आकडा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. गोळी उलटून पडत असेल तर दोन्ही गोळ्या सारख्याच निरुपयोगी: १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन, तेही ताबडतोब. ते इंजेक्शन घरात ठेवा आणि घरातल्या एकाने तरी द्यायला शिकून घ्या. घरच्यांचं "स्टिरॉइड सोडून बघ ना एकदा" सुरूच राहतं. दम्याच्या ॲटॅकला दिवसाला प्रेडनिसोलोनचे ४०-५० मिलिग्रॅम देतात, इथे आपण फक्त शरीराची रोजची गरज भागवतो, एवढं त्यांना सांगायचं.

गोळी बदलायची ठरलीच, तर ताप, ऑपरेशन, लग्नघाई असल्या आठवड्यात नको. जुनी गोळी बंद आणि दुसऱ्या सकाळी नवी सुरू, मध्ये एकही दिवस रिकामा जाता कामा नये. खिशातल्या स्टिरॉइड कार्डावरचं (आपण कुठलं स्टिरॉइड घेतो हे इतरांना सांगणारं कार्ड) गोळीचं नाव आणि डोस त्याच दिवशी बदला.