एसी थंड करीना: कॅपॅसिटर बदलायचा की एसीच?

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या माडीवरच्या खोलीत दीड टनाचा साधा, म्हणजे नॉन-इन्व्हर्टर एसी आहे. एप्रिलात एका रात्री आतून वारा येत होता, पण कोमट. बाहेरच्या युनिटमध्ये पाच-सात सेकंद घुंऽऽ, मग 'टक्', मग शांत. थोड्या वेळानं परत तेच. पहिल्या मेकॅनिकनं नुसतं ऐकून सांगितलं, "कॉम्प्रेसर गेला की हो, नवाच घ्या." दुसऱ्यानं पत्रा उघडून कॅपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरची मोटर फिरायला मदत करणारा छोटा डबा, सुटा केला आणि मीटर लावला. डब्यावर छापलेले ५० मायक्रोफॅरड (कॅपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक), मीटरवर ३१. छापील आकड्यापेक्षा पाच टक्के कमी-जास्त चालतं. हा तर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरलेला.

घरची वीज सिंगल फेज. तिच्यावर मोटरीतलं चुंबकत्व जागच्या जागी उलटसुलट होतं, फिरत नाही. कॅपॅसिटर दुसऱ्या वाइंडिंगमधला, म्हणजे तारेच्या गुंडाळीतला, करंट थोडा पुढे सरकवतो, त्यामुळे रोटरला (मोटरीच्या फिरत्या भागाला) फिरायची दिशा मिळते. मोटर सुरू झाल्यावरही तो सर्किटमध्येच राहतो, म्हणून रन कॅपॅसिटर. तो खचला की कॉम्प्रेसर अडकून तापतो आणि ओव्हरलोड, म्हणजे संरक्षक स्विच, त्याचा करंट तोडतो. तीच ती 'टक्'.

इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरला हा डबा लागतच नाही. तिथं इलेक्ट्रॉनिक बोर्डच तीन फेज तयार करतो. रोज आठ-दहा तास एसी चालत असेल तर विजेची बचत खरी आहे. पण बोर्ड गेला की कॅपॅसिटरच्या कितीतरी पट खर्च. बेळगावात आमचा एसी मार्च ते मे, तोही रात्रीपुरता; मी डबाच बदलला. अथणीकडं दिवसभर दुकान थंड ठेवायचं असेल आणि जुन्या एसीचा गॅसही गळत असेल, तर मी इन्व्हर्टर घेईन.

डबा घेतानाही दोन प्रकार समोर येतात. प्लास्टिकचा स्वस्त असतो. ॲल्युमिनियमच्या चांगल्या डब्यात बिघाडाच्या वेळी दाब वाढला की डोकं फुगतं आणि आतली जोडणी तुटते; बाहेरच्या युनिटच्या उन्हातल्या पेटीत मी तोच बसवीन. त्यावरचा आयुष्याचा क्लास वाचा: बी म्हणजे १०,००० तास, सी म्हणजे ३,०००. दुकानदार हा आकडा आपणहून सांगत नाही. व्होल्ट ४४० किंवा जास्त चालतील, कमी नको. मायक्रोफॅरड मात्र तेवढेच. "मोठा टाका, जोरात चालतंय" हे ऐकू नका, वाइंडिंग तापतं.

खानापूरच्या आतल्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज पडलं तर प्रश्न वेगळा. सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो: २३० चे १८० झाले की साधारण ६१ टक्केच उरतो. तिथं नवा डबा टाकूनही कॉम्प्रेसर अडकेल. आधी स्टॅबिलायझर बघा.

आणि बाहेरचा पंखाच थांबला असेल, कॉम्प्रेसर चालू असेल, तर पंख्याचा छोटा कॅपॅसिटर तपासायला सांगा, आणि तोवर एसी बंद ठेवा.

पत्रा स्वतः उघडू नका. मेन स्विच बंद असताना आमच्या मेकॅनिकनं जुन्या डब्याच्या टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा धरला, तर चट्कन ठिणगी उडाली. रेझिस्टर लावून उतरवायला हवा होता खरं तर. तो हसला, "करंट बंद, पण ह्यात असतोय बघा."