पदकतालिका: सेवा उत्तम, पण क्रमांकाचा रकाना सदोष

ऑलिम्पिक, आशियाई किंवा राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा सुरू असताना सर्वाधिक पाहिला जाणारा तक्ता म्हणजे पदकतालिका. ती अधिकृत संकेतस्थळावर, वृत्तपत्रांत, दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलच्या ॲपमध्ये विनामूल्य मिळते, निकाल लागताच बदलते आणि शेकडो अंतिम लढतींचे फलित एका पडद्यावर मावेल इतके आटोपशीर करून देते. त्यामुळे तिचे परीक्षण एखाद्या सेवेप्रमाणे करायला हरकत नाही. माझे मत आधीच नोंदवतो: पदकांची नोंद म्हणून ही सेवा जवळजवळ निर्दोष आहे, मात्र डावीकडच्या पहिल्या रकान्यात ती जो क्रमांक छापते, तो देण्याइतका आधार बहुतेक वेळा तिच्यापाशी नसतो. पाचपैकी तीन तारे, आणि तेही नोंदीसाठी.

प्रथम प्रचलित आवृत्ती पाहू. तिचा नियम सर्वांना ठाऊक आहे: आधी सुवर्णपदके मोजायची, ती समान असतील तर रौप्य, तीही समान असतील तर कांस्य. नियम सोपा आहे, पडताळायला क्षणभर लागतो आणि कोणी हिशेबात फेरफार केल्याचा संशय घ्यायला जागा उरत नाही. पॅरिस २०२४ मध्ये अमेरिका आणि चीन या दोघांचीही ४० सुवर्णपदके झाली, तेव्हा अमेरिकेची ४४ आणि चीनची २७ रौप्यपदके पाहून निर्णय तत्काळ झाला. अखेरच्या दिवशी महिलांच्या बास्केटबॉलमध्ये अमेरिकेने फ्रान्सला ६७-६६ असे हरवले नसते, तर पहिले स्थान चीनकडे गेले असते. एका गुणाने जिंकलेला सामना संपूर्ण तालिकेचे शीर्ष ठरवतो, हे प्रेक्षक म्हणून मला आवडते. मोजमाप म्हणून मात्र ते अस्वस्थ करते.

दोष दिसतो तो थोडे खाली आल्यावर. त्याच तालिकेत नेदरलँड्स सहावा आणि ग्रेट ब्रिटन सातवा आहे. नेदरलँड्सची पदके १५ सुवर्ण, ७ रौप्य आणि १२ कांस्य अशी एकूण ३४. ब्रिटनची १४ सुवर्ण, २२ रौप्य आणि २९ कांस्य अशी एकूण ६५. म्हणजे एका जादा सुवर्णपदकासमोर ब्रिटनची १५ जादा रौप्य आणि १७ जादा कांस्यपदके निरुपयोगी ठरतात. या नियमात रौप्यपदकाला सुवर्णाच्या तुलनेत कमी किंमत आहे असे नव्हे, तर काहीच किंमत नाही. सुवर्णांची संख्या तंतोतंत जुळली तरच त्याची आठवण होते. याच स्पर्धेत भालाफेकीतील एकमेव सुवर्णामुळे पाकिस्तान ६२ व्या स्थानी होता, तर एक रौप्य आणि पाच कांस्य मिळवणारा भारत ७१ व्या. या क्रमावर आपल्याकडे बरेच बोलले गेले. पाकिस्तानच्या सुवर्णाचे मोल मोठेच आहे आणि अर्शद नदीमची ९२.९७ मीटरची फेक ऑलिम्पिक विक्रम ठरली; पण त्या एका फेकीवरून दोन देशांच्या एकंदर क्रीडाबळाविषयी नऊ स्थानांचे अंतर सांगणे हे तालिकेने आपल्या पदरचे जोडलेले आहे.

दुसरी आवृत्ती एकूण पदकांची. अमेरिकी माध्यमे प्रामुख्याने हीच वापरतात आणि बीजिंग २००८ मध्ये तिची सर्वाधिक चर्चा झाली. त्या वेळी चीनची ५१ सुवर्णांसह १०० पदके होती, तर अमेरिकेची ३६ सुवर्णांसह ११०. जगाच्या बऱ्याच भागांत चीन पहिला छापला गेला, अमेरिकेत अमेरिका. ज्याला जो क्रम सोयीचा तो त्याने उचलला, असा आरोप तेव्हा झाला आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. या आवृत्तीचा गुण असा की ती कोणतेही पदक वाया जाऊ देत नाही. दोष तितकाच उघड आहे: ती अंतिम सामना जिंकणाऱ्याला आणि कांस्यपदकाची लढत जिंकणाऱ्याला एकाच मापाने मोजते. त्याशिवाय एक अडचण सहसा लक्षात घेतली जात नाही. ज्युदो, कुस्ती, मुष्टियुद्ध आणि तायक्वांदो या खेळांत प्रत्येक वजनगटात दोन कांस्यपदके दिली जातात. त्यामुळे पॅरिसमध्ये ३२९ सुवर्णांच्या तुलनेत ३८५ कांस्यपदके वाटली गेली, आणि एकूण पदकांच्या तालिकेत या द्वंद्वखेळांत बलवान असलेल्या देशांना आपोआप थोडा लाभ मिळाला.

या दोन टोकांच्या मध्ये गुणांकनाची आवृत्ती येते. ती नवी नाही. लंडनच्या १९०८ च्या स्पर्धेच्या वेळी ब्रिटिश वृत्तपत्रांनी सुवर्णाला पाच, रौप्याला तीन आणि कांस्याला एक गुण दिल्याची नोंद आहे. तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की हे आकडे कोणी ठरवायचे? कोणी ३:२:१ म्हणतो, कोणी ४:२:१, कोणी ५:३:१, आणि प्रत्येक जण आपल्या देशाला वर नेणारे प्रमाण निवडील. आक्षेप रास्त वाटतो, म्हणून पॅरिसच्या आकड्यांवर ही तिन्ही प्रमाणे लावून पाहिली. तिन्हींत पहिले सहा देश त्याच क्रमाने आले: अमेरिका, चीन, फ्रान्स, ग्रेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान. ४:२:१ प्रमाणे गुण अनुक्रमे २९०, २३८, १३८, १२९, १२६ आणि ११७ होतात. सुवर्णांच्या तालिकेत मात्र जपान तिसरा, ऑस्ट्रेलिया चौथा आणि फ्रान्स पाचवा होता. प्रमाण कोणतेही घेतले तरी चित्र फारसे हलत नाही. ते हलते, सुवर्णाला सर्वस्व मानले किंवा तिन्ही पदके सारखी मानली तर. ज्या आवृत्तीला लोक मनमानी म्हणतात तीच येथे सर्वांत स्थिर निघते, हे मला या परीक्षणातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण वाटते.

गुणांकन सुवर्णाच्या विरोधात असते असेही नाही. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत जपानने ५२ सुवर्णांसह १८८ आणि दक्षिण कोरियाने ४२ सुवर्णांसह १९० पदके जिंकली. एकूण पदकांच्या हिशेबाने कोरिया दुसरा ठरतो. ४:२:१ ने मात्र जपान ४११ विरुद्ध ३७५ असा स्पष्ट पुढे राहतो, आणि तो निर्णय पटण्याजोगा आहे. काही ठिकाणी मात्र प्रमाणाचा प्रश्न खरोखर उभा राहतो. बीजिंगच्या तत्कालीन आकड्यांवर चीन अमेरिकेच्या ४:२:१ ने अठरा गुणांनी पुढे होता, पण ३:२:१ ने केवळ तीन. एका देशाची सुवर्णे बरीच जास्त आणि दुसऱ्याची उरलेली पदके बरीच जास्त असतील, तर कोणतेही सूत्र वाद मिटवू शकत नाही. अशा वेळी क्रमांक न छापणे हाच प्रामाणिक मार्ग ठरेल.

लोकसंख्येने भागलेल्या तालिकेबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती आकर्षक असली तरी रोजच्या वापराची नाही. तिच्या शिखरावर अपरिहार्यपणे लहान देश येतात. टोकियोत अवघ्या पाच खेळाडूंच्या सान मारिनोने तीन पदके मिळवली आणि त्या देशाची लोकसंख्या सुमारे ३४ हजार आहे. पॅरिसमध्ये ग्रेनेडाने दोन कांस्यपदके जिंकली, तिथे लोक लाखाहून थोडेच अधिक. ही कामगिरी कौतुकास्पद आहेच, पण इतक्या लहान भाजकामुळे एका पदकाने देश शिखरावर जातो आणि पुढच्या वेळी तळाला. शिवाय मोठ्या देशाला लोकसंख्येच्या प्रमाणात खेळाडू पाठवायची मुभाच नसते. जलतरणाच्या वैयक्तिक शर्यतीत एका देशाचे जास्तीत जास्त दोन, ॲथलेटिक्समध्ये तीन. टेबल टेनिसमध्ये चीनने २००८ साली पुरुष आणि महिला दोन्ही एकेरीत तिन्ही पदके घेतली, आणि २०१२ पासून एकेरीत देशागणिक दोनच खेळाडूंना प्रवेश राहिला. दारे मोजून उघडायची आणि नंतर आत आलेल्यांची संख्या घरातल्या माणसांच्या संख्येने भागायची, असा हा हिशेब आहे.

कोणत्याही आवृत्तीने न सोडवलेला दोष खेळांच्या रचनेत आहे. पॅरिसच्या तरणतलावात ३५ सुवर्णपदके होती, हॉकीच्या मैदानावर दोन. मायकेल फेल्प्सने बीजिंगमध्ये एकट्याने आठ सुवर्णपदके जिंकली. तो स्वतंत्र देश असता तर सुवर्णांच्या तालिकेत सात सुवर्णे मिळवणाऱ्या फ्रान्सच्या वर बसला असता. उलट हॉकी किंवा फुटबॉलचा संपूर्ण संघ दोन आठवडे खेळून तालिकेत एकच आकडा जोडतो. यावर सांघिक पदकाला जादा वजन द्यावे असे सुचवले जाते, पण ते मला मान्य नाही. कारण मग चौघांची रिले शर्यत आणि नौकानयनातील आठ जणांची नाव यांचे वजन किती, हे ठरवताना तालिका कोणालाच पडताळता येणार नाही.

त्यापेक्षा उपयुक्त सुधारणा ॲथलेटिक्समध्ये आधीच उपलब्ध आहे. जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत पदकतालिकेबरोबर एक स्थानतालिकाही दिली जाते: पहिल्याला आठ गुण, दुसऱ्याला सात, आणि असे आठव्याला एक. देशाचे क्रीडाबळ किती खोलवर आहे हे कळायचे असेल तर हा तक्ता पदकांपेक्षा बरेच जास्त सांगतो. पॅरिसमध्ये भारताचे सहा खेळाडू किंवा जोड्या चौथ्या आल्या. नेमबाजी, तिरंदाजी, बॅडमिंटन आणि वेटलिफ्टिंग या खेळांतील ती मेहनत पदकतालिकेत शून्य म्हणून नोंदली गेली. ऑलिम्पिकच्या अधिकृत संकेतस्थळाने पदकतालिकेशेजारी असा दुसरा तक्ता दिला तर मी चौथा तारा विनासंकोच देईन.

तालिकेत कोण असते आणि कोण नसते, याचीही नोंद घ्यावी. तिच्यातील ओळी देशांच्या नसून राष्ट्रीय ऑलिम्पिक समित्यांच्या असतात. म्हणून हाँगकाँग आणि पोर्तो रिको यांच्या स्वतंत्र ओळी दिसतात. पॅरिसमध्ये मुष्टियोद्धा सिंडी न्गाम्बाचे कांस्यपदक निर्वासित संघाच्या नावाने तालिकेत आले, पण रशिया आणि बेलारूसमधील तटस्थ खेळाडूंची पदके तालिकेबाहेर ठेवली गेली. गंमत अशी की ऑलिम्पिक सनदेच्या सहाव्या नियमानुसार या स्पर्धा खेळाडूंमधील आहेत, देशांमधील नाहीत. तरीही जगातील सर्वांत ठळक देशनिहाय तक्ता याच स्पर्धेचा असतो.

शेवटची सूचना अगदी व्यावहारिक आहे: तालिकेखाली ती कोणत्या तारखेपर्यंतची आहे हे छापावे. बीजिंगमधील चीनच्या तीन महिला वेटलिफ्टरांची सुवर्णपदके उत्तेजक द्रव्यांच्या फेरतपासणीनंतर जानेवारी २०१७ मध्ये काढून घेतली गेली आणि ५१ चा आकडा ४८ झाला. ३:२:१ प्रमाणे असलेली तीन गुणांची आघाडीही त्यानंतर टिकली नाही. आजही अनेक ठिकाणी जुनाच ५१ चा आकडा तारखेविना दिसतो, आणि दोन तालिका शेजारी ठेवणाऱ्या वाचकाला त्यांतली कोणती नंतरची, हे ओळखायला काहीच खूण मिळत नाही.