फुसकारणारी झुरळं: आठ महिन्यांनंतर

मादागास्करची फुसकारणारी झुरळं मी आठ महिन्यांपूर्वी आणली, दोन नर आणि तीन माद्या. पूर्ण वाढलेलं झुरळ 5 ते 7 सेंटीमीटरचं होतं. पंख नसतात, त्यामुळे उडून अंगावर येण्याची भीती नाही. नराच्या डोक्यामागच्या ढालीवर दोन उंचवटे असतात आणि मिशा जाड, केसाळ.

ज्या आवाजासाठी आणली, तो आता क्वचितच कानावर पडतो. पोटाच्या कडेच्या श्वासछिद्रांतून हवा जोरात ढकलून ती फुसकारतात. पहिले तीन आठवडे झाकण उघडलं की फुस्स! आता तळहात पुढे केला की मिशांनी चाचपतात आणि सावकाश वर चढतात. पायांचे बारीक काटे कातडीत रुततात, पण दुखत नाही. दोन नर मात्र अजूनही उंचवटे भिडवून एकमेकांना रेटतात, तेव्हा आवाज भरपूर.

एका रात्री पेटीत एक दुधासारखं पांढरं झुरळ दिसलं, डोळे तेवढे काळे. रोग लागला असं वाटून मी ते वेगळं काढणारच होतो. पण त्याने नुकतीच कात टाकली होती. काही तासांत ते तपकिरी झालं आणि त्याने ती कातही खाऊन टाकली. या वेळी अंग फार मऊ असतं, अजिबात हात लावू नका.

खाण्याचा त्रास नाही. गाजर, सफरचंदाची फोड, थोडं कोरडं कुत्र्याचं खाणं. पाण्याच्या वाटीत स्पंज ठेवा, नाहीतर पिल्लं बुडतात. ओलं खाणं दुसऱ्या दिवशी काढाच, बुरशी लगेच धरते. पेटी साफ करताना मी मास्क लावतो, कारण त्यांच्या विष्ठेच्या धुळीची काहींना ॲलर्जी होते.

खरी काळजी दोनच गोष्टींची. काचेवर ती सहज चढतात, म्हणून आत वरच्या कडेला पेट्रोलियम जेलीचा तीन बोटं रुंद पट्टा हवाच. मी एकदा तो पुन्हा लावायला विसरलो आणि एक मादी दोन दिवसांनी कपाटामागे सापडली. दुसरी गोष्ट पिल्लांची. मादी अंड्यांची पिशवी साधारण दोन महिने पोटातच सांभाळते आणि थेट पिल्लंच बाहेर येतात, एका वेळी 20 ते 40. चौथ्या महिन्यात लपायला ठेवलेला अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा उचलला, तर आईच्या पोटाखाली घोळका! विकत घेतलेली मादी पोटात अंडी घेऊनच आलेली असू शकते. त्यामुळे नवख्याने फक्त नर घ्यावेत. जास्त झाली म्हणून बाहेर मात्र कधीच सोडू नका. मी दुसरी मोठी पेटी आणली आहे.